फिशटँकसाठी लाल बटण: घरच्या घरी इमर्जन्सी स्विच कसा बनवायचा

टँकमागे लोंबकळणाऱ्या एक्स्टेंशन बोर्डाचा स्विच म्हणजे इमर्जन्सी स्विच नव्हे. तिथपर्यंत पोचायला हात पाण्यावरून न्यावा लागतो, तो स्विच एकच तार तोडतो, आणि खरी गरज पडेल त्या दिवशी तुमचा हात हमखास ओला असणार. जे जरा पुढे जातात ते मोटरच्या स्टार्टरची जोडणी जशीच्या तशी उचलतात: हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. लेथ मशीनला ती जोडणी उत्तम. टँकला लावली, की दुपारी पाच मिनिटं लाइट जाते, परत येते, आणि फिल्टर मात्र बंदच राहतो. घरचे सगळे ऑफिसात. संध्याकाळी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसतात.

म्हणून आपल्या बटणाकडून चार गोष्टी हव्यात. दाबल्यावर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. दाबलेलं बटण हाताने फिरवून सोडेपर्यंत काहीही चालू होता कामा नये. बटण मोकळं असताना लाइट गेली-आली, तर सगळं आपोआप सुरू व्हायला हवं. आणि बटणाची तार तुटली किंवा उंदराने कुरतडली, तर सर्किट बंद पडलं पाहिजे, चालू राहता कामा नये.

सावधान: हे २३० व्होल्टचं काम आहे. सगळी जोडणी टेबलावर, प्लग भिंतीतून काढलेला असताना होते. मल्टिमीटर वापरता येत नसेल, तर बॉक्स तुम्ही भरा पण २३० व्होल्टची बाजू आणि पहिली चाचणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

## १. काय तोडायचं आणि काय नाही

सामान आणायच्या आधी हा कागद लिहा. बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण 'सगळंच एका बटणावर' हे ऐकायला छान वाटतं.

समजा टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे. काठोकाठ भरला तर सुमारे २५५ लिटर. त्याला ३०० वॅटचा हीटर, ३० वॅटचा कॅनिस्टर फिल्टर, ६० वॅटची एलईडी, ११ वॅटचा यूव्ही दिवा. बेरीज साधारण ४०० वॅट, म्हणजे २ अँपिअरपेक्षा कमी. लोड अगदी किरकोळ आहे, हे लक्षात ठेवा. पुढे सामान घेताना दुकानदार उगाच मोठं गळ्यात मारणार नाही.

आता दोन गट करा.

लाल बटणाने बंद होणारा गट: ज्याची वायर किंवा अंग पाण्यात आहे, किंवा पाण्यात पडू शकतं ते सगळं. हीटर, फिल्टर, पॉवरहेड (टँकमध्ये पाणी फिरवणारा पंप), यूव्ही, आणि टँकवर टेकवलेली लाइटसुद्धा. झाडांच्या टँकला कार्बन डायऑक्साइड सोडत असाल, तर त्याचा सोलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) इथेच घ्या. फिल्टर बंद आणि गॅस चालू ही अवस्था माशांना घातक आहे.

बटणाच्या बाहेरचा गट: एअर पंप, आणि फक्त एअर पंप. त्याची वायर पाण्याकडे जात नाही, नळी जाते. बाकी सगळं बंद असताना ऑक्सिजन तोच पुरवतो. अट एकच: पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा, नाहीतर नळीत चेक व्हॉल्व्ह घालायचा. नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.

शक्य असेल तर बॅटरीवाला एअर पंप घ्या, लाइट गेली की आपोआप सुरू होणारा. तोही याच बॉक्सच्या आरसीसीबीच्या (करंट बाहेर गळला की पडून पुरवठा तोडणारा स्विच) पुढे, म्हणजे त्यातून बाहेर पडणाऱ्या बाजूला जोडा. म्हणजे तुम्ही गावाला असताना घरात लाइट आहे पण आरसीसीबी पडलाय, अशा वेळीही तो सुरू होईल. घरातल्या दुसऱ्या सॉकेटवर लावलात तर त्याला वाटेल सगळं आलबेल आहे.

## २. सामान

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ. इतर गावांत पॅनेलचं सामान विकणारं कुठलंही दुकान. यादी हातात धरून जा:

- डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, ६ अँपिअर
- डबल पोल आरसीसीबी, २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअर (या दोन्हींऐवजी ३० मिलिअँपिअरचा एक आरसीबीओ चालेल)
- ९ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळते तोवरच जोडलेला राहणारा स्विच), २४ व्होल्ट डीसी कॉइलचा, एक एनसी (एरवी जोडलेला, कॉन्टॅक्टर ओढला की तुटणारा) सहाय्यक कॉन्टॅक्ट असलेला
- डिन चॅनेलवर (बॉक्समधली धातूची पट्टी) बसणारा २४ व्होल्ट, १ अँपिअरचा एसएमपीएस (२३० व्होल्टपासून २४ व्होल्ट डीसी देणारा)
- मशरूम पुश बटण, दाबल्यावर अडकणारं आणि फिरवून सुटणारं, सोबत एनसी ब्लॉक (बटणामागचा कॉन्टॅक्ट, बटण दाबलं की तुटणारा)
- २४ व्होल्टचा लाल एलईडी इंडिकेटर
- एक १एन४००७ डायोड
- आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारा) प्लॅस्टिक बॉक्स, बटणासाठी वेगळा छोटा बॉक्स, केबल ग्लँड, डिन चॅनेल
- ६ अँपिअरची थ्री-पिन सॉकेट, लोडइतकी अधिक एक
- १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर (लाल, काळी, हिरवी), त्याच मापाची तीन कोर केबल, थ्री-पिन टॉप, फेरूल (वायरच्या टोकाला चढवायची धातूची नळी) आणि लग

दोन जागी लोक पैसे वाचवतात आणि दोन्हीकडे फसतात. पहिली जागा म्हणजे आरसीसीबी. 'एमसीबी आहे की' हे उत्तर नाही. ६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव त्याच्या शंभराव्या भागाइतक्या करंटने जाऊ शकतो आणि एमसीबीला पत्ताही लागत नाही. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट तोलतो, फरक पडला की पडतो. दुसरी जागा म्हणजे निळी रिले बोर्डं, छंदी मंडळींची लाडकी. त्यातली एक रिले एकच तार तोडते, स्क्रू बारीक, आणि २३० व्होल्टचे झाळलेले उघडे सांधे बोर्डाच्या पाठीवर. वाफाळलेल्या कॅबिनेटमध्ये ते नको.

बटण थेट २३० व्होल्टच्या वाटेत का नाही? एक तर ब्लॉक लोड तोडायला नसतो, कॉन्टॅक्टरला हुकूम द्यायला असतो. दुसरं, ओला हात बटणावरच पडणार आहे. तिथे २४ व्होल्ट असलेले बरे.

थांबा आणि तपासा: भिंतीतल्या ज्या सॉकेटवर हे लागणार, तिथे मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात मोजा. २३०च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ शून्य किंवा भलतंच काही आलं, तर अर्थिंग नाही. इथून पुढे जाऊ नका, आधी ते करून घ्या.

## ३. बटणाची जागा

हे बटण कोणासाठी? तुमचा हात पाण्यात असताना तुम्हाला करंट लागला, तर स्नायू आखडतात. तुम्ही बटण दाबाल याची खात्री नाही. ते दाबणार घरातलं दुसरं माणूस, स्वयंपाकघरातून धावत आलेलं. म्हणून ते दारातून टँककडे येण्याच्या वाटेवर, टँकपासून मीटर-दीड मीटरवर, सहज दिसेल असं हवं. जमिनीपासून चार फूट उंची ठीक. त्याच्याखाली लावलंत तर घरातलं शेंडेफळ रोज टँक बंद करेल.

मोठा बॉक्स टँकच्या बाजूला, पाण्याच्या धारेत येणार नाही असा, भिंतीवर. कॅबिनेटमध्ये तळाशी नको. सगळ्या केबल खालच्या बाजूने आत घ्या, आणि टँककडून येणारी प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर चढू द्या. वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोक्याच्या तळाशी थेंब होऊन पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. फुकटचा उपाय आहे आणि तरी दहातल्या नऊ टँकना मला तो दिसत नाही.

## ४. २३० व्होल्टची बाजू

क्रम मोडू नका.

१. डिन चॅनेलवर डावीकडून एमसीबी, आरसीसीबी, कॉन्टॅक्टर, एसएमपीएस असे बसवा.

२. इनपुट केबल ग्लँडमधून आत घ्या आणि ग्लँड आवळा. केबल ओढून बघा, सरकता कामा नये.

३. हिरवी अर्थ वायर सर्वांत आधी. इनपुटपासून थेट अर्थच्या पट्टीवर, तिथून प्रत्येक सॉकेटच्या मोठ्या पिनेला. अर्थ कुठल्याही स्विचमधून, आरसीसीबीतून किंवा कॉन्टॅक्टरमधून जात नाही.

४. फेज आणि न्यूट्रल एमसीबीत, तिथून आरसीसीबीत. न्यूट्रलची जागा 'एन' अशी छापलेली असते, तिथेच न्यूट्रल.

५. आरसीसीबीच्या बाहेर पडलेल्या जोडीला तीन फाटे: एक कॉन्टॅक्टरला, दुसरा एसएमपीएसला, तिसरा एअर पंपाच्या सॉकेटला.

६. कॉन्टॅक्टरमध्ये फेज १ मध्ये शिरून २ मधून बाहेर, न्यूट्रल ३ मध्ये शिरून ४ मधून. तिसरा पोल रिकामा. २ आणि ४ वरून बाकीच्या सगळ्या सॉकेटना.

सहाव्या पायरीत लोक न्यूट्रल 'कॉमन' करून वाचवलेल्या वायरचं समाधान मानतात. मग काय होतं ते बघा. टँकचं पुष्कळ सामान दोन पिनांच्या प्लगचं असतं, ते कसंही उलटसुलट बसतं. जुन्या घरात सॉकेटमध्येच फेज-न्यूट्रल अदलाबदल झालेली असते. अशा वेळी तुम्ही एकच तार तोडली आणि ती नेमकी न्यूट्रल निघाली, तर हीटर थंड होतो, पंप थांबतो, दिवा विझतो, आणि पाण्यातली वायर अजून फेजवर जिवंत असते. सगळं बंद दिसतं, म्हणून तुम्ही बिनधास्त हात घालता. काहीच स्विच नसता तर निदान भीती तरी असती.

सावधान: आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल मागच्या न्यूट्रलला कुठेही भेटता कामा नये. भेटला तर आरसीसीबी उगाच पडत राहील, आणि मग कोणीतरी 'कटकट नको' म्हणून तो काढून टाकेल.

वायरची टोकं झाळून (सोल्डर करून) स्क्रूखाली आवळू नका. झाळ दाबाखाली हळूहळू चपटते, स्क्रू ढिला पडतो, जागा तापते. फेरूल घाला आणि क्रिंप करा.

## ५. २४ व्होल्टची बाजू

ही बाजू म्हणजे एक साधी माळ आहे: एसएमपीएसचा प्लस, बटणाचा एनसी ब्लॉक, कॉइलचा ए१, मग ए२ वरून परत मायनसला.

१. आधी ब्लॉक ओळखा. सहसा लाल रंगाचा एनसी, हिरवा एनओ (उलटा, दाबल्यावर जोडणारा). रंगावर विसंबू नका, नंबर बघा: शेवटचे आकडे १-२ असतील तर एनसी, ३-४ असतील तर एनओ. मग मल्टिमीटर बीपवर ठेवा: बटण मोकळं असताना बीप, दाबल्यावर शांत.

२. प्लसपासून बटणाकडे एक वायर, बटणाकडून ए१ कडे दुसरी. ए२ मायनसला.

३. कॉइलवर डायोड आडवा लावा, रुपेरी पट्टीचं टोक ए१ म्हणजे प्लसकडे. उलटा लावलात तर डायोडच शॉर्ट होईल. काही कॉन्टॅक्टरमध्ये हा आतच असतो. अंगावरची आकृती बघा.

४. प्लसवरून दुसरी वायर कॉन्टॅक्टरच्या २१ मध्ये, २२ मधून लाल इंडिकेटरला, तिथून मायनसला. कॉन्टॅक्टर सुटलेला असेल तेव्हा लाल दिवा लागेल.

हा दिवा ऐच्छिक समजू नका. मी पहिला बॉक्स बनवला तेव्हा तो नव्हता. रविवारी पाणी बदललं, बटण सोडायला विसरलो, रात्री हॉलचा दिवा घालवून झोपलो. सकाळी कॅनिस्टर बारा तास बंद, पाण्याला कुजकट वास, आणि दोन कोरीडोरा (तळाशी राहणारे छोटे मासे) आडव्या. चूक माझी होती, पण दिवा असता तर जेवताना तरी दिसला असता.

२४ व्होल्टच्या वायर २३० च्या वायरसोबत बांधू नका, वेगळ्या ग्लँडने बाहेर काढा.

## ६. चाचण्या

टँकला हात लावायच्या आधी या सगळ्या व्हायला हव्यात.

प्लग बाहेर, एमसीबी आणि आरसीसीबी वर (चालू). टॉपच्या अर्थ पिनेपासून प्रत्येक सॉकेटच्या अर्थला बीप. टॉपच्या फेज पिनेपासून सॉकेटच्या फेजला शांत (एअर पंपाचं सॉकेट सोडून, ते कॉन्टॅक्टरमधून जात नाही). मग कॉन्टॅक्टरच्या तोंडावरची सरकपट्टी पेचकसाने दाबा: आता बीप. न्यूट्रलचंही तसंच. सरकपट्टी न दाबता न्यूट्रल बीप करत असेल, तर चौथ्या भागातली सहावी पायरी चुकली आहे.

बॉक्स बंद, एका सॉकेटवर (एअर पंपाचं सोडून) साधा बल्ब. प्लग लावा, बल्ब लागायला हवा. मग क्रमाने:

- बटण दाबा. बल्ब विझला, लाल दिवा लागला. सॉकेटच्या दोन्ही छिद्रांपासून अर्थपर्यंत मोजा. कुठेच २३० नको.
- दाबलेलं असतानाच प्लग काढून परत लावा. बल्ब लागता कामा नये.
- बटण फिरवून सोडा, प्लग काढा, मिनिटाने लावा. बल्ब आपोआप लागायला हवा.
- प्लग काढून बटणाची एक वायर सोडवा, टोक टेपने झाका, प्लग लावा. बल्ब बंद राहायला हवा. लागला तर ब्लॉक एनसी नाही.
- आरसीसीबीचं 'टी' बटण दाबा. खटका पडायला हवा.

टँकवर. एकेक उपकरण जोडा, मध्ये मिनिटभर थांबा. हीटर लावताच आरसीसीबी पडला, तर हीटर बाद. काच धड दिसते म्हणून त्याला आणखी एक संधी देऊ नका.

मग बटण दाबा आणि पाच मिनिटं फक्त पाणी बघत उभे राहा. संप (टँकखालची फिल्टरची टाकी) असेल तर पंप थांबल्यावर नळीतलं आणि वरचं पाणी खाली येतं. ते संपात मावतंय का? मावत नसेल तर तुमचा इमर्जन्सी स्विच दर वेळी हॉलमध्ये पूर आणेल. संपाची पातळी कमी ठेवा, किंवा परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत छोटं छिद्र पाडा, तिथे हवा शिरून सायफन तुटतो. शेवटी बटण सोडा. कॅनिस्टर हवा न धरता पुन्हा सुरू होतोय ना, कानाने ऐका.

टेस्टर पाण्यात बुडवून 'करंट आहे' ठरवणाऱ्यांसाठी एक शब्द: जवळच्या पंपाच्या नुसत्या प्रेरणेनेही टेस्टरचा दिवा मिणमिणतो. आणि तो लागला नाही म्हणून पाणी सुरक्षित, असंही नाही. निवाडा आरसीसीबीचा.

## ७. फ्लोट स्विच जोडायचा असेल तर

हीटर उघडा पडण्याआधी किंवा फरशीवर पाणी सांडल्यावर आपोआप बंद हवं असेल, तर फ्लोट त्याच २४ व्होल्टच्या माळेत बटणाच्या पाठोपाठ येतो. छोट्या फ्लोटमधला रीड कॉन्टॅक्ट नाजूक असतो, कॉइलच्या धक्क्याने चिकटू शकतो. त्याला थेट कॉन्टॅक्टर न देता मध्ये २४ व्होल्टची छोटी रिले द्या. लाटांवर फ्लोट वरखाली होऊन कॉन्टॅक्टर टकटक करू लागला, तर फ्लोटला भोकं पाडलेल्या पाइपच्या तुकड्यात बसवा. २३० व्होल्ट फ्लोटमधून कधीही नेऊ नका, दुकानदाराने कितीही 'चालतंय' म्हटलं तरी.

## ८. रोजच्या वापरात

पाणी बदलताना हात घालण्याआधी बटण दाबा आणि हीटरला पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. गरम नळी पाण्याबाहेर आली, की त्यावर पडलेलं पहिलं थंड पाणी काच तडकवतं.

फिल्टर काही तास बंद राहिला असेल, तर बटण सोडून तो तसाच सुरू करू नका. आतलं सडलेलं पाणी एकदम टँकमध्ये येतं. आधी कॅनिस्टर उघडा, ते पाणी ओता, स्पंज टँकच्याच पाण्यात खंगाळा, मग सुरू करा.

कोणाला करंट लागला, तर त्याला किंवा पाण्याला हात लावायचा नाही, आधी बटण. हे घरातल्या प्रत्येकाला, रोज येणाऱ्या मावशींनाही, एकदा प्रत्यक्ष दाबून दाखवा.

महिन्यातून एकदा लाल बटण आणि 'टी' बटण दोन्ही दाबा. यातून दोन लपलेले बिघाड पकडले जातात. एक, कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट चिकटणं. दुसरा जास्त फसवा: मशरूमच्या मागचा ब्लॉक खाचेतून निसटतो. मग ब्लॉकचा कॉन्टॅक्ट जोडलेलाच राहतो, बटण दाबलं जातं, 'टक्' आवाजही येतो, आणि टँक निवांत चालू राहतो. म्हणून वर्षातून एकदा प्लग काढून बटणाचा छोटा बॉक्स उघडा आणि ब्लॉक बोटांनी धरून हलवून बघा.